जावयाच्या कागदांसाठी धावलेल्यांचे आभार

काल माझ्या परदेशी नवऱ्याचं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहू देणारं ओळखपत्र) हातात आलं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली, तेव्हा तिचे ३० दिवसच डोंगराएवढे वाटले होते. ओसीआयचा अर्ज करायला नोंदणीकृत लग्नाला सलग २ वर्षं व्हावी लागतात, हे कळल्यावर तर आईच रडकुंडीला आली.

सीबीएस बसस्थानकाजवळचे झेरॉक्सवाले काका, तुमचं नाव मी कधी विचारलंच नाही. व्हिसा वाढवताना ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर, चौथ्यांदा अर्ज अडला, तेव्हा शटर अर्धं ओढून तुम्ही सगळी पानं पुन्हा स्कॅन केलीत आणि पैसे घेतलेत एकदाचेच. पासपोर्ट आणि विवाह प्रमाणपत्रावरची नावं जुळत नाहीत, हे रांगेत दाखवून देणाऱ्या ताई, तुमचेही आभार. (मधलं नाव गाळणारी मीच!) आणि शेजारच्या आजी! चौकशीला आलेल्या पोलिसांना तुम्ही सांगितलंत, "अहो, तो आमच्यापेक्षा तिखट मिसळ खातो." तो हवालदारही हसला होता.

काका, आज पेढे घेऊन आले होते, दुकान बंद दिसलं. उद्या परत येते.