अनुदान संपलं की विमान बंद, आणि तिकिटाच्या पैशांऐवजी व्हाउचर

प्रति,
कस्टमर केअर विभाग प्रमुख

नमस्कार,

लहान शहराच्या ज्या रूटवर तुम्ही सरकारी अनुदान घेऊन विमान चालवत होतात तो अनुदानाची मुदत संपताच बंद केलात, माझं पुढच्या तारखेचं तिकीट कॅन्सल केलंत आणि पैशांऐवजी व्हाउचर पाठवलंत. त्या शहरात आता तुमचं एकही विमान जात नाही, मग ते व्हाउचर माझ्या काय कामाचं? मला पूर्ण पैसे परत पाहिजेत, ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात.

फोन केला की उत्तर एकच, हा कंपनीचा कमर्शियल निर्णय आहे. पण रिकाम्या सीटांचा तोटा जनतेच्या पैशातून भरून निघत होता ना, मग निर्णय तेवढा कंपनीचा एकटीचा कसा? आणि अनुदान कधी संपणार हे तुम्हाला करारावर सही केली तेव्हापासूनच माहीत होतं, तरी त्यापुढच्या तारखांचं बुकिंग तुम्ही चालू ठेवलंत, लोकांचे पैसे घेत राहिलात. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे.

माझा अनुदानाला विरोध नाही, उलट लहान शहरांना ते हवंच. अमेरिकेत १९७८ मध्ये रूट आणि भाड्यावरचं सरकारी नियंत्रण काढलं तेव्हा छोटी गावं तुटू नयेत म्हणून इसेन्शियल एअर सर्व्हिस ही अनुदानाची योजना सुरू केली, पण तिथे गावाची शेवटची सेवा बंद करायची तर कंपनीला ९० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि दुसरी कंपनी मिळेपर्यंत सरकार तिला थांबवूनही ठेवू शकतं. तुमच्या करारात असं काही होतं का? असेल तर पाळलं का नाही, आणि नसेल तर कशाच्या जोरावर पैसे मिळाले?

हा रूट कोणी आणि कोणत्या निकषावर ठरवला तेही कळवा. मी तुमच्यावर आरोप करत नाहीये, पण या धंद्यात काय काय झालंय ते जगजाहीर आहे. अमेरिकेतल्या युनायटेड कंपनीने न्यू यॉर्कजवळच्या न्यूअर्कहून साउथ कॅरोलिना राज्यातल्या कोलंबियाला जाणारी तोट्यातली फ्लाइट केवळ न्यूअर्क विमानतळ चालवणाऱ्या पोर्ट ऑथॉरिटी या सरकारी संस्थेचे अध्यक्ष डेव्हिड सॅमसन यांना वीकेंडच्या घरी जायला सोयीची म्हणून चालवली, २०१४ ला ते पदावरून गेले आणि फ्लाइटही बंद झाली, पुढच्या वर्षी कंपनीच्या सीईओला राजीनामा द्यावा लागला आणि २०१६ मध्ये सॅमसननी कोर्टात गुन्हा कबूल केला. एका माणसाच्या खुर्चीवर रूट अवलंबून असेल तर प्रवाशाने आगाऊ तिकीट काढायचंच कसं?

व्हाउचरबद्दल म्हणाल तर युरोपात २००४ च्या नियमानुसार प्रवाशाने सही करून संमती दिल्याशिवाय रिफंडऐवजी व्हाउचर देता येत नाही आणि रिफंड ७ दिवसांत द्यावा लागतो. अमेरिकेच्या परिवहन खात्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये सहा विमान कंपन्यांकडून मिळून ६० कोटी डॉलरहून जास्त रिफंड प्रवाशांना मिळाल्याचं जाहीर केलं आणि वर त्यांना दंडही केला. म्हणजे हे जमतं, फक्त द्यायची तयारी पाहिजे. आणि मी तर कसलीच संमती दिलेली नाही.

तेव्हा रिफंड लगेच द्या, या रूटवर एकूण किती अनुदान घेतलं आणि कोणत्या अटींवर ते लेखी कळवा, आणि माझ्यासारखी ज्यांची तिकिटं अडकलीत त्या सगळ्यांना न मागता पैसे परत करा, कारण त्यातले बरेच जण व्हाउचरची मुदत संपेपर्यंत गप्प बसतील आणि ते पैसे तुमच्याकडेच राहतील.

तिकीट आणि पेमेंटची कॉपी जोडली आहे.

तुमचा प्रवासी