थंडी जाता जाता

मा. संपादक,

हुरड्यावर दरवर्षी सगळे भरभरून लिहितात, गूळभेंडी, लसणाची चटणी वगैरे, पण बिचाऱ्या हुळ्याची (म्हणजे भाजलेल्या ओल्या हरभऱ्याची) कोणी दखलच घेत नाही म्हणून हे पत्र. फेब्रुवारीत मंडईत हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या येतात, मी मागच्या रविवारी दोन आणल्या आणि शेत नाही, शेकोटी नाही, तर सरळ घाटे तोडून लोखंडी तव्यावर टाकले, झाकण न ठेवता, मोठ्या गॅसवर. पाचेक मिनिटांत सालं काळी पडली, तडतड आवाज, घरभर धूर (सौ. ओरडली, ते सोडा), पण आतला दाणा हिरवागार, मऊ नि गोडसर! वर फक्त मीठ. घाटे तोडताना बोटं चाटली तर आंबट लागतात बघा, ती हरभऱ्याची आंब, आमची आजी पहाटे दव असताना पिकावरून धुतलेलं पांढरं फडकं फिरवून ती पिळून ठेवायची, पोट दुखलं की थेंबभर पाण्यातून.

बाल्कनीतलं ऊन पण आता मागे सरकायला लागलंय, डिसेंबरात पार सोफ्यापर्यंत यायचं. तिथेच बसून सोलत खाल्ले, पेपरवर सालांचा ढीग. पेपर तुमचाच होता, सॉरी!

– एक वाचक, पुणे