आई, चॉकलेट तळायचं ते असं

ॲबर्डीन

ती. आई-बाबांस,
सा. न.

चिनूने वाढदिवसाला तळलेलं चॉकलेट मागितलं आणि आई, तू "चॉकलेट कुणी तळतं का, काहीतरीच!" म्हणून फोनवर विषयच मिटवलास. तर तळतात. इथून आगगाडीने वीसेक मिनिटांवर स्टोनहेवन नावाचं छोटं बंदर आहे. तिथल्या मासे आणि चिप्सच्या एका दुकानात 1990च्या दशकात हा प्रकार सुरू झाला, असं मानतात. मार्सचा चॉकलेट बार माशासाठी कालवलेल्या पिठात बुडवायचा आणि सरळ कढईत सोडायचा. ॲबर्डीनच्या सायंदैनिकात बातमी आली आणि मग त्याचं नाव जगभर झालं. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्कॉटलंडमधल्या अशा दुकानांची पाहणी छापून आली, तेव्हा साधारण 22 टक्के दुकानं हा बार विकत होती.

इथल्या लोकांना त्याचा अभिमान आहे की लाज, ते मला नीटसं कळत नाही. ऑफिसात विषय निघाला की "छे, ते टुरिस्ट खातात" म्हणतात, पण चव प्रत्येकाला ठाऊक! 'तळलेल्या मार्सचं जन्मस्थान' असं मिरवणारा दुकानावरचा फलक उतरवा, असं 2015 मध्ये तिथल्या कौन्सिलनेच सांगितलं होतं.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न तेलाचा असणार, आणि तो रास्त आहे. इथे काही दुकानांत तळण गाईच्या चरबीत होतं, त्यामुळे मी आधी विचारते आणि मगच खाते. शिवाय मार्समध्ये अंड्याच्या पांढऱ्याची पूड असते. 2007 मध्ये तर कंपनी जनावरांपासून काढलेलं रेनेट (दूध साकळायला वापरतात ते) वापरायला निघाली होती. शाकाहारी लोकांनी इतकं डोकं उठवलं की आठवड्याभरात माघार घ्यावी लागली. तर आपल्या घरी मार्स नको, फाइव्ह स्टार आणा, पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून. त्यातही मार्ससारखंच कॅरॅमल आणि नूगाट (फेटलेल्या साखरेचा मऊ, चिकट गर) असतं, आणि चिवट असल्यामुळे ते तळणात टिकतं. साध्या चॉकलेटची वडी मात्र आणू नका, तिचं आत नुसतं पाणी होतं.

आई, आता तुझं काम. यातलं सगळं कसब तळणाचं आहे, चॉकलेट फक्त निमित्त. चॉकलेट 34 अंशांच्या आसपास वितळतं आणि तेल असतं 180 अंशांवर. म्हणजे आतला ऐवज पातळ होऊन बाहेर यायच्या आत वरचं आवरण धरलं पाहिजे. म्हणून बार आदल्या रात्रीच फ्रीजरमध्ये टाक. चारपाच बारांना एक वाटी मैदा, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ, चिमूटभर खायचा सोडा. बेसन अजिबात नको, त्याचा वास चॉकलेटवर चढतो. पीठ साध्या पाण्यात न भिजवता फ्रीजमधल्या थंडगार सोडा वॉटरमध्ये कालव. त्यातल्या बुडबुड्यांनी आवरण हलकं होतं. पाऊण वाटीपासून सुरुवात कर आणि अंदाजाने वाढव. भज्यांच्या पिठापेक्षा जरा घट्टच हवं, चमच्याच्या पाठीला जाड थर धरेल इतपत. गुठळ्या मोडायच्या नादात फेटत बसू नकोस, मैदा चिवट होतो. आणि कालवलं की लगेच वापर, झाकून ठेवू नकोस.

फ्रीजरमधून काढलेल्या बारावर दव धरतं आणि पीठ घसरतं. म्हणून आधी तो कोरड्या मैद्यात घोळव, टोकंसुद्धा, मगच पिठात बुडव. टोकाला जरा जरी उघडं राहिलं तरी तिथून चॉकलेट तेलात उतरतं, तळाशी काळं होऊन बसतं आणि सगळ्या तेलाला जळका वास लागतो. फुटक्या करंजीचं तळण कसं होतं, ते तुला मी काय सांगू.

पिठाचा थेंब टाकलास की तो खाली जाऊन लगेच वर आला पाहिजे. एका वेळी एकच बार सोड, फार तर दोन. बर्फासारखा गार असतो, तेलाचं तापमान एकदम उतरतं. सोडताना बोटांनी क्षणभर अर्धा तेलात धरून मग सोडतात, म्हणजे तळाला चिकटत नाही. पण तू हे चिमट्याने कर. वरून झाऱ्याने तेल उडवत राहा. दोनेक मिनिटांत तांबूस रंग येतो आणि चरचर मंदावते, की काढ. जाळीवर निथळू दे. कागदावर ठेवलास तर खालची बाजू ओली पडते.

कापल्यावर बघ: बाहेर कुरकुरीत पापुद्रा, त्याच्या आत सॉससारखं झालेलं चॉकलेट आणि सुरीबरोबर लांब ताणत येणारं कॅरॅमल. दिसतं निरुपद्रवी, पण भयंकर भाजतं. चिनूच्या हातात दोनतीन मिनिटांनीच दे, बरोबर व्हॅनिला आइस्क्रीम. माझ्या मते थोडं मीठ भुरभुरलं तर जास्त चांगलं लागतं, पण ते मोठ्यांसाठी.

बाबा, दादाने तुमचा शुगरचा रिपोर्ट मला पाठवलाय, त्यामुळे "एकाने काय होतं" हे चालणार नाही. इथल्या एका मार्स बारमध्येच सुमारे 230 कॅलरी असतात, पीठ आणि तेल वेगळंच. तुम्हाला एका बारचा चौथा भाग, तोही आइस्क्रीमशिवाय. आई, तो तुकडा तूच कापून दे, त्यांना सुरी देऊ नकोस.

मे महिन्यात तुम्ही इथे आलात की स्टोनहेवनला जाऊच. गावाजवळ समुद्रात घुसलेल्या कड्यावर डनॉटर किल्ला आहे. सतराव्या शतकात इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या सैन्याने वेढा दिला असताना स्कॉटलंडची राजचिन्हं, म्हणजे मुकुट, राजदंड आणि तलवार, तिथून गुपचूप बाहेर काढली होती. बाबांचा अर्धा दिवस तिथेच जाईल. तोवर आई आणि मी दुकानदाराला तेल कोणतं ते विचारून येऊ. पासपोर्टच्या फोटोचं काम या आठवड्यात उरका.

तुमची,
मनू