सप्ता, पाणचक्की आणि स्मार्ट सिटी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत शहरांच्या भविष्यावरचा लेख वाचला. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं, की शहरं स्मार्ट झाली आणि हातात पैसा खेळू लागला की जातधर्माची पकड आपोआप सुटते. मी तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवलं. हेच वाक्य फळ्यावर लिहून पोरांकडून घोकून घेतलंय, त्याला हमखास चार गुण असायचे. त्यामुळे लेखकाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण निवृत्तीनंतर पेपर तपासायचे नसतात, आजूबाजूला बघायला सवड मिळते. जे दिसतं ते फळ्यावरच्या वाक्यात बसत नाही, म्हणून हे पत्र.

माझी सासुरवाडी छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीनकडची. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांवर 'ऑरिक' नावाचं औद्योगिक शहर उभं राहतंय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. २०१९ च्या सप्टेंबरात त्याच्या 'ऑरिक हॉल'चं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. त्या भागातल्या बऱ्याच गावांच्या जमिनी प्रकल्पात गेल्या, तशा सासुरवाडीच्याही गेल्या. मोबदला आला. आधी दारात गाड्या आल्या, मग स्लॅबची घरं झाली, पोरींची लग्नं उरकली. त्यानंतर गावानं वर्गणी काढून मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि सप्ता पूर्वीपेक्षा चौपट मोठा भरायला लागला.

लेखातल्या हिशेबानं हे उलटंच झालं म्हणायचं. पैसा आला आणि धर्म वाढला. मी मेव्हण्यांना थट्टेनं म्हटलं, "शेत विकून कळस चढवला का रे?" त्यांनी दिलेलं उत्तर माझ्या तीस वर्षांच्या नोट्समध्ये कुठंच नव्हतं. म्हणाले, "दाजी, पोळ्याला आख्खं गाव वेशीत गोळा व्हायचं. आता बैलच राहिले नाहीत. पाणी-पेरणीच्या बोलण्याला, बांधाच्या भांडणालासुद्धा कुणी भेटत नाही. गोळा व्हायचं तर कशापायी?"

एमिल दुर्खिम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९१२ साली ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या गणचिन्हांवरून, म्हणजे टोळीची खूण मानलेल्या प्राणी-वनस्पतींवरून, जे मांडलं, ते हेच. माणसं एकत्र येऊन देवाला पुजतात तेव्हा ती आपल्या समूहाच्या शक्तीलाच हात जोडत असतात. दुर्खिम मला नीट कळला तो मेव्हण्यांच्या ओसरीवर. जमीन होती तोवर गावाला गाव म्हणून टिकायला वेगळं काही करावं लागत नव्हतं. जमीन गेल्यावर ते काम मंदिराकडे आलं.

म्हणून सप्त्याची आरती ओवाळायला मी निघालोय असं समजू नका. हा सप्ता आता माझ्या लहानपणचा राहिलेला नाही. तेव्हा घरटी भाकरी गोळा व्हायच्या, जाड-पातळ, करपलेल्या, सगळ्या एका टोपलीत. आमटी गावातल्याच चुलाणावर शिजायची. कुणाची भाकरी कुणाच्या पानात पडली हे कळायचं नाही, आणि तीच त्यातली मेख होती. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्त्यात आजही गावोगावहून भाकरी येतात, म्हणून त्या आमटी-भाकरीची चव लोक वर्षभर सांगतात. आमच्याकडे मात्र आता आचाऱ्याला ठेका दिलेला असतो. बुंदी असते. कीर्तनकाराचं मानधन आणि तारीख दोन्ही वर्षभर आधी ठरवावं लागतं, कारण मोबाइलवर ज्यांचे व्हिडिओ जास्त चालतात त्यांना मागणीही जास्त. काल्याच्या कीर्तनावर ड्रोन घिरट्या घालतो. अन्नदात्याचं नाव फ्लेक्सवर विठ्ठलापेक्षा मोठ्या अक्षरात. बाजारानं धर्माला हाकललं नाही, त्याच्याच मांडवात येऊन तो लोडाला टेकून बसला.

आता जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरकडे येतो, कारण लेखकानं त्यांचं नाव घेतलं आहे, आणि अर्धवट घेतलं आहे. वेबरनी १९०४-०५ मध्ये मांडलं, की युरोपात कॅल्व्हिनपंथी, म्हणजे सोळाव्या शतकातल्या कॅल्व्हिन या ख्रिस्ती धर्मसुधारकाला मानणाऱ्या, माणसाला आपण देवाच्या निवडीतले आहोत की नाही याचा घोर लागलेला असे. धंद्यातलं यश ही त्या निवडीची खूण समजून तो कष्ट करी, काटकसर करी आणि नफा पुन्हा धंद्यात घाली. म्हणजे तिथल्या भांडवलशाहीच्या मुळाशीच एक धार्मिक घोर होता. पुढं भारतावर लिहिताना त्यांनी जातीकडे आणि कर्मसिद्धान्ताकडे बोट दाखवलं, की यांच्यामुळे इथं तशी भांडवलशाही आपणहून उगवली नाही. वेबर कधी भारतात आले नव्हते, आणि पितळखोऱ्याला तर नाहीच नाही.

कन्नड तालुक्याच्या बाजूला डोंगरात ही बौद्ध लेणी आहेत. तिथं दान देणाऱ्यांत पैठणच्या गांधिक कुळातला एक मितदेव आहे. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आजच्या भाषेत अत्तरवाला. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक नोंदवहीत पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, इथून भडोच बंदराकडे माल जात असल्याचं लिहून ठेवलंय. व्यापाऱ्याच्या पैशानं लेणी कोरली गेली, आणि लेणी व्यापारी वाटांच्या आसपास वसली. बाराव्या शतकात, आपल्या सीमेला लागून असलेल्या कर्नाटकातल्या कल्याणला बसवेश्वरांच्या शरणांनी 'कायकवे कैलास' म्हटलं, श्रम हाच कैलास. कॅल्व्हिनच्या चारशे वर्षं आधी. लातूरच्या आडत बाजारात बसवेश्वरांची तसबीर गादीच्या मागे दिसते, ती काही शोभेला लावलेली नसते. तरीही कारखानदारी इथं उशिरा आली. त्याचं कारण शोधायला कर्मसिद्धान्तापर्यंत जायची गरज नाही. निजामाची सरंजामी सारापद्धत, जहागिऱ्या, सिंचनाचा अभाव आणि दशकानुदशकं मीटरगेजवर रांगणारी मनमाड-हैदराबाद रेल्वे एवढी यादी पुरे आहे.

आता स्मार्ट सिटी. २५ जून २०१५ ला हे अभियान जाहीर झालं, शंभर शहरं निवडायची ठरली. आपलं शहर, तेव्हाचं औरंगाबाद, २०१६ च्या सप्टेंबरमधल्या यादीत आलं. प्रत्येक शहरात त्यासाठी कंपनी कायद्याखाली वेगळी कंपनी निघाली. ३१ मार्च २०२५ ला अभियान संपलं. सिटी बस आली ती मला आवडते, मी रोज बसतो. चौकाचौकांत कॅमेरे लागले, नियंत्रण कक्षातल्या एका मोठ्या भिंतीवर अख्खं शहर एकदम दिसू लागलं. वेबर हे बघून हरखले असते आणि घाबरलेही असते, कारण सगळं मोजता येणं हेच त्यांच्या मते आधुनिकतेचं लक्षण, आणि तोच तिचा पिंजरा. गाडी कुठं वळली हे त्या भिंतीवर दिसतं. कुणाच्या नळाला पाणी येऊन किती दिवस झाले, हे दिसत नाही. पैठणला नाथसागर तुडुंब असतानाही शहरात काही दिवसांच्या अंतरानं नळ येतो, ही काही बातमी राहिलेली नाही. १६८० कोटींची पाणी योजना २७४० कोटींवर गेली. मधल्या काळात जारवाल्यांचा आणि टँकरवाल्यांचा धंदा मात्र कुठल्याही अभियानाशिवाय स्मार्ट झाला.

याच शहरात पाणचक्की आहे. डोंगरातल्या उगमाचं पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणायचं, उंच भिंतीवर चढवायचं आणि खाली पडताना त्यानं जातं फिरवायचं. पीठ दळायचं ते दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी. १६१० साली खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवणाऱ्या मलिक अंबरानं, जो हबशी गुलाम म्हणून विकला गेला होता, नहरी खोदून शहराला पाणी दिलं. ज्यांना श्रद्धा आणि तंत्रज्ञान हे एकमेकांचे वैरी वाटतात त्यांनी एकदा त्या हौदाच्या काठावर तासभर बसावं. आता तिथं तिकीट काढून आत जावं लागतं, ही गोष्ट वेगळी.

इथं थांबलो तर पत्र गोड होईल, पण ते खोटं होईल. पाणचक्कीपासून दौलताबाद काही लांब नाही. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसोबत तिथं गेले होते. किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर प्रवासाची धूळ धुतली, तर तलाव बाटवला म्हणून एक मुसलमान म्हातारा ओरडत आला आणि जमाव जमला. शेवटी पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आत सोडलं, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. हिंदूंना जो अस्पृश्य तो मुसलमानांनाही अस्पृश्यच, असं बाबासाहेबांनी त्यावर लिहून ठेवलं आहे. पैठणला नाथांनी वाळवंटात पोळणारं महाराचं लेकरू कडेवर घेतलं, ही कथा आपण कौतुकानं सांगतो. ते लेकरू वाळवंटात एकटं का होतं आणि बाकीचे लोक बघत का उभे होते, हे कीर्तनात कुणी विचारत नाही. १९५० मध्ये बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय काढलं ते याच शहरात, याच पाण्याच्या आसपास.

म्हणून 'धर्म जाणार की राहणार' हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. तो राहतोच, कधी फ्लेक्सवर, कधी भाकरीच्या टोपलीत. भांडवलही राहणार. दोघांनाही एकच विचारायचं, की तुमच्या हौदावर कुणाची घागर चालते आणि कुणाची नाही. नांदेडला २००८ च्या शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्तानं रस्ते रुंद झाले, शहराचं रूप पालटलं. तिथंही मला आधी हेच जाणून घ्यावंसं वाटतं, की रुंदीकरणात कुणाची दुकानं गेली. लंगरात मात्र आजही कुणी कुणाची जात विचारत नाही, हेही तितकंच खरं.

आपल्या लेखकांना सवड असेल तर माझ्यातर्फे निमंत्रण द्या. मेव्हण्यांच्या गावचा सप्ता चैत्रात असतो, काल्याच्या दिवशी पंगत दुपारी एकला बसते. टिपण काढायला वही आणावी. जेवण झाल्यावर आचाऱ्याला गाठून विचारावं, की पाण्याचा टँकर कुणाच्या नावावर लागला, त्याचे पैसे कुणी दिले आणि खरकटं काढायला बायका कुठल्या वस्तीतून बोलावल्या. मी वाढप्यांत असेन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
सिडको, छत्रपती संभाजीनगर