आमच्या एआरटी सेंटरच्या (एचआयव्हीवरच्या औषधोपचार केंद्राच्या) समुपदेशक ताईंना

ताई, नाव लिहीत नाही, तुमचंही नाही आणि पोरीचंही. वाचलंत तर ओळखालच.

भाऊ-वहिनी गेल्यापासून ती माझ्याकडे. रोज ठरल्या वेळी गोळी, आणि "कशाची गं आत्या?" म्हटलं की "ताकदीची". सातवीत गेल्यावर तिनं सरळ विचारलं, "मग दादाला का देत नाहीस?" आता बोला! नातेवाइकांचं एकच पालुपद, सांगू नका, शाळेत बोलून बसेल. बोलून बसले ते मोठेच. तापासाठी नेलं तेव्हा गावातल्या एका डॉक्टरांनी भरल्या दवाखान्यात तिच्यासमोर विचारलं, "एचआयव्हीवाली ना ही?" असं चारचौघांत फोडायला २०१७ च्या कायद्यानं मनाई आहे, २०१८ पासून तो लागूही आहे. साहेबांच्या कानावर आला नसावा. पोरगी काही बोलली नाही. रात्री गोळी तेवढी घेतली नाही.

तुम्ही आधी मला एकटीला बसवून माझी भीती ऐकून घेतलीत. शाळेच्या वयातच, झेपेल तसं हळूहळू सांगावं, असं जागतिक आरोग्य संघटना २०११ पासून सांगतेय, हे तुमच्याकडूनच कळलं. मग तिला विचारलंत, "तुला काय काय माहीत आहे?" निम्मं तिला ठाऊक होतं, तुमच्याच भिंतीवरचं पोस्टर वाचून! उरलेलं तुम्ही सांगितलंत. आईकडून आलाय, त्यात तुझी चूक नाही, आईचीही नाही. गोळी चालू आहे तोवर विषाणू दबून राहतो.

पण मला राहून राहून आठवते ती औषधांची पुस्तिका. एरवी ती माझ्या हातात यायची. त्या दिवशी तुम्ही टेबलाला वळसा घालून आलात आणि तिच्या हातात दिलीत. "तुझी आहे, तू सांभाळ." तिनं आधी फ्रॉकला हात पुसले, मग घेतली.

कंत्राटी नोकरी, बाहेर ही रांग, तरी एका पोरीसाठी दार लावून बसलात. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून सरकारी दवाखान्याची पायरी चढताना धीर येतो.

आता गोळीची आठवण तीच ठेवते, माझी बीपीची राहिली तर मलाच ओरडते. पुढच्या खेपेला व्हायरल लोड आहे, म्हणजे रक्तात विषाणू किती ते बघायची तपासणी. वहीत एक प्रश्न लिहून ठेवलाय: मोठेपणी मला बाळ झालं तर त्यालाही होईल का? उपचार नीट चालू असले की धोका अगदी कमी असतो, असं मी सांगून पाहिलं. "तू राहू दे, मी ताईंनाच विचारते," म्हणाली. तयारीत राहा.

तुमच्या पेशंटची आत्या