काळ्या कोपऱ्यांच्या निमित्ताने : एक आभारपत्र

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

शब्दावर माउस नेला की त्याचा अर्थ दाखवणाऱ्या आमच्या छोट्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती गेल्या आठवड्यात वाचनालयातल्या जुन्या संगणकांवर बसवली, आणि ज्या काळ्या कोपऱ्यांनी मला तीन आठवडे हैराण केले होते ते एकाही पडद्यावर दिसले नाहीत. फोनवर आभार मानले होतेच. पण आपण जे समजावून सांगितलेत ते इतरांच्याही उपयोगी पडावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

माझ्या लॅपटॉपवर अर्थाची खिडकी गोल कोपऱ्यांची आणि मऊ सावलीची दिसे. वाचनालयातले संगणक लिनक्सवर, ओपनबॉक्स हा खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम वापरून चालतात. तिथे कंपोझिटर, म्हणजे खिडक्या एकमेकींवर मिसळून पारदर्शकता आणि सावल्या दाखवणारा प्रोग्रॅम, नाही. त्यामुळे तीच खिडकी काळ्या चौकटीत उगवे आणि वाचक वाचत असलेली पुढची ओळ झाकून टाकी. मी दोष ग्राफिक्स ड्रायव्हरला देत राहिलो. आपण मात्र एका पिक्सेलची किंमत कागदावर मांडायला सांगितलीत. पूर्ण पारदर्शक पिक्सेलमध्ये तांबडा, हिरवा, निळा आणि अल्फा (पिक्सेल किती अपारदर्शक ते सांगणारा) हे चारही आकडे शून्य असतात; कंपोझिटर नसेल तर अल्फा कुणी वाचतच नाही, आणि उरलेली तीन शून्ये म्हणजे शुद्ध काळा रंग. हे मांडल्यावर पुढे काही समजावण्याची गरजच उरली नाही.

वॉलपेपरचा तेवढा तुकडा उचलून खिडकीमागे रंगवण्याची, जुन्या टर्मिनलांमधली (आज्ञा टाइप करण्याच्या खिडक्यांमधली) युक्ती मी सुचवली, तेव्हा आपण ती का नको हेही सांगितलेत. टर्मिनलखाली बहुधा वॉलपेपरच असतो, पण आमची खिडकी पुस्तकाच्या पानावर उघडते. तिच्या कोपऱ्यांतून पानाऐवजी वॉलपेपर दिसला असता, तर पानाला भोके पडल्यासारखे वाटले असते.

आपल्या सांगण्यावरून प्रोग्रॅम आता आधी एक्स सर्व्हरला (लिनक्सवर पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला) विचारतो, की या पडद्यासाठी कंपोझिटरच्या नावाने राखलेल्या सिलेक्शनला, म्हणजे एका वेळी एकाच प्रोग्रॅमला घेता येणाऱ्या नावाला, कुणी मालक आहे का. मालक असेल तर अल्फा वापरायचा, नसेल तर खिडकीला हवा तो आकार देणाऱ्या, एक्सच्या शेप एक्स्टेन्शनने (जोडभागाने) खिडकीच कापून घ्यायची. कंपोझिटरला लागणारे कंपोझिट एक्स्टेन्शन 2004 मध्ये आले, शेप मात्र 1989 पासून आहे, त्यामुळे या जुन्या यंत्रांवर त्याचा भरवसा धरता येतो. शेपच्या मास्कमध्ये, म्हणजे खिडकीचा आकार सांगणाऱ्या नकाशात, दर पिक्सेलला एकच बिट असतो, म्हणजे पिक्सेल आहे किंवा नाही एवढेच, आणि म्हणून कडा दातेरी दिसतात. त्यावर कडेच्या आत एक पिक्सेलची गडद रेघ ओढण्याचा आपला उपाय इतका साधा होता, की तो आधी सुचला नाही याचे वाईट वाटले. सावली तिथे आम्ही सोडूनच दिली. धूसर कडेचा आग्रह धरण्यापेक्षा अर्थ स्वच्छ वाचता येणे मोठे, हे आपले म्हणणे मला मनापासून पटले आहे.

एक चूक आपण पकडली नसती तर ती तशीच राहिली असती. मी हा प्रश्न प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच विचारत होतो. पण कंपोझिटर मध्येच बंद किंवा चालू होऊ शकतो, म्हणून मालक बदलल्याची सूचना एक्सफिक्सेस या एक्सच्याच आणखी एका एक्स्टेन्शनकडून मागवत राहावे लागते. कंपोझिटर आला की जुना मास्क काढायचाही असतो, नाहीतर तो सावली कापून टाकतो. उलट, मास्क काढल्यावर पारदर्शक कोपऱ्यावरचे क्लिक आमचीच खिडकी गिळू लागते, त्यामुळे माउससाठीचा आकार वेगळा द्यावा लागतो. हा शेवटचा मुद्दा आपण रात्री साडेदहाला स्वतःहून फोन करून सांगितलात. दिवसभराच्या कामानंतर माझ्या खिडकीचा विचार आपल्या मनात होता, याचे मोल मला शब्दांत मांडता येत नाही.

हे सारे मी त्या फायलीच्या माथ्यावर मराठीत टिपून ठेवले आहे. त्याखाली आपले नाव घालण्याची परवानगी द्यावी, एवढी विनंती.

आपला कृतज्ञ,
शब्दार्थ-खिडकीचा प्रोग्रॅमर