सुमे, चिऊच्या फोनबद्दल

सातारा,
रविवार, संध्याकाळ

प्रिय सुमे,

शुक्रवारी तुझा मेसेज आला. ‘चिऊला लातूरला सोडायच्या आधी तिच्या फोनमध्ये गुपचूप टाकायला एखादं फुकटातलं ॲप सांग, ती कुठे जाते, कुणाशी बोलते ते इथे बार्शीत बसून दिसलं पाहिजे.’ मी उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. दोन ओळीत सांगण्यासारखं हे नाहीच, म्हणून शेवटी वही काढली. पत्र लांबणार आहे. दुपारची कामं आटपून निवांत वाच.

तुझी भीती मला कळते. सतरा वर्षांची पोर, परका गाव, नीटचा अभ्यास, त्यात रोज पेपरात काही ना काही. तू हे संशयाने मागत नाहीस, काळजीपोटी मागतेस. मीही काळजीपोटीच केलं होतं. तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते.

आमचा दादा, म्हणजे माझा मुलगा, दहावीत होता तेव्हाची गोष्ट. क्लास साडेसातला सुटायचा आणि हा नऊला घरी. विचारलं की ‘मित्राकडे होतो’, एवढंच. यांनी दोनदा आवाज चढवून पाहिला, त्याने तो आणखी मिटला. मग एका रात्री मी मोबाइलवर शोधलं आणि एक ॲप सापडलं. मोफत, शिवाय ‘मुलाला कळणार नाही’ असं मोठ्या अक्षरांत. ते प्ले स्टोअरवर नव्हतं. बाहेरून उतरवून घ्यायचं, त्याआधी फोनमधलं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप अडवणारा गुगलचा पहारा, बंद करायचं, मग विचारेल त्या सगळ्या परवानग्या देत जायचं. तो अंघोळीला गेला तेवढ्या वेळात मी ते सगळं केलं. ॲपचं चिन्ह पडद्यावरून नाहीसं झालं आणि मला हायसं वाटलं. सुमे, तिथेच मला थांबायला हवं होतं. घरातल्या दाराची कडी काढून ठेवायला सांगणारा माणूस राखणदार कसा असेल?

एकोणीस दिवस मी त्याचे मेसेज वाचले. रात्री हे झोपले की स्वयंपाकघरात उभी राहून वाचायचे. आधी पाच मिनिटं, मग तास तास. त्यातून एवढंच कळलं, की त्याच्या एका मित्राच्या घरी रोज भांडणं होत होती, वडील हात उगारायचे, आणि तो पोरगा क्लास सुटल्यावर घरी जायला घाबरायचा. आमचा दादा त्याच्यासोबत पोवई नाक्यावर बसून राहायचा. त्यासाठी उशीर.

मला भरून आलं. त्याचं कौतुक करावंसं वाटलं आणि करता येईना, कारण मला माहीत असायला नको होतं. आणि एक दिवस जेवताना तोंडातून निघून गेलंच, ‘त्या पोराला आपल्याकडे घेऊन ये की जेवायला, घरी त्याचे हाल होतात.’ दादाने घास ताटात ठेवला. ‘आई, तुला कसं माहीत?’ मी गप्प. तो उठला, फोन आणून माझ्यासमोर ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, ‘माझं वाचलंस ते एक वेळ ठीक आहे. पण ते माझं नव्हतं गं, त्याचं होतं. त्याने मला सांगितलं होतं.’

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आपल्याला वाटतं, आपलं पोर, आपण घेतलेला फोन, आपला हक्क. पण त्या फोनमध्ये दुसऱ्यांची पोरं असतात. त्यांनी त्यांच्या आयांना न सांगितलेलं असतं. चिऊच्या मैत्रिणी तिला रात्री काय काय लिहीत असतील, ते तुझ्यासाठी लिहिलेलं नाही.

दादाने महिनाभर फोनला हात लावला नाही. बोलायचा, पण कामापुरतं. मित्र परत आमच्याकडे आला नाही. तो दुरावा भरायला दीड वर्ष गेलं, आणि अजूनही मी त्याच्या खोलीत शिरले की तो नकळत फोन पालथा घालतो. प्रत्येक वेळी मला टोचतं.

तुला कराडचं होस्टेल आठवतं का? रेक्टरबाई आपली पत्रं फोडून, वाचून, परत डिंक लावून द्यायच्या. तुझ्या आईने तिच्या ऑपरेशनबद्दल लिहिलं होतं, आणि ते तुझ्या हातात पडायच्या आधी मेसमध्ये सगळ्यांना कळलं होतं. तू त्या रात्री गच्चीवर रडत म्हणाली होतीस, ‘मी आता आईला खरं काही लिहिणारच नाही.’ आणि नाही लिहिलंस. पुढची दोन वर्षं ‘मी मजेत आहे, तुम्ही काळजी करू नये’ एवढंच. ती पोस्टकार्डं मीच पेटीत टाकायचे, म्हणून मला माहीत आहे.

आता त्या ॲपचं सांगते. ते टाकल्यापासून दादाचा दिवसाचा दीड जीबी डेटा दुपारीच संपायला लागला होता, फोन तापायचा. माझ्या पुतण्याने, तो संगणकाचंच काम करतो, फोन पाहिला आणि कपाळाला हात लावला. मेसेज, फोटो, कॉल, सगळं कुठल्यातरी परक्या सर्व्हरवर जात होतं. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाची सगळी खाजगी शिदोरी मी अनोळखी माणसांच्या हातात दिली होती. फोन पूर्ण पुसून पहिल्यापासून लावावा लागला, पासवर्ड बदलावे लागले. मग मी या विषयावर मिळेल ते वाचत बसले. 2018 साली अमेरिकेत टीनसेफ नावाचं पालकांसाठीचंच ॲप होतं. त्याचा सर्व्हर पासवर्डशिवाय उघडा सापडला, त्यात हजारो मुलांच्या ॲपल खात्यांचे पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेले होते. मुलांना जपायला म्हणून आईबापांनी ज्यात भरले, तिथूनच ते गेले. 2021 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने स्पायफोन या कंपनीला पाळतीच्या धंद्यातूनच बाहेर काढलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बातमी आली, की लाइफ३६० हे कुटुंबांचं लोकप्रिय ॲप लोकांच्या जाण्यायेण्याची माहिती दलालांना विकत होतं. ते तर लपून बसणारं ॲपही नव्हतं. तेव्हा ‘मोफत’ हा शब्द दिसला की पहिला प्रश्न हा विचार, की यांचा चहापाण्याचा खर्च कशातून निघतो.

आणि कायद्याचंही ऐक. चिऊ अजून अठराची नाही, तू तिची आई आहेस, तुझी गोष्ट वेगळी. पण हेच ॲप नवऱ्याने बायकोच्या फोनमध्ये टाकलं, तर न विचारता दुसऱ्याच्या यंत्रात शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे, आणि बाईच्या इंटरनेटवर, मेसेजवर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली पाठलागाचा गुन्हा. आमच्या पतसंस्थेतल्या एका बाईच्या फोनमध्ये असंच सापडलं. ‘मुलांच्या सुरक्षिततेसाठी’ असंच त्या ॲपच्या पानावर लिहिलेलं होतं. मुलांच्या नावाने विकायचं आणि बायकांच्या फोनमध्ये शिरायचं, याचा मला फार राग येतो.

म्हणजे काहीच वापरू नकोस असं मी म्हणते का? नाही. आमच्या घरात आजही लोकेशन चालू आहे, अप्पांचं. त्यांना हल्ली विसर पडतो हे तुला माहीत आहेच. यांनी सुचवलं, की त्यांना न सांगताच लावून टाकू, त्यांना कुठे कळतंय. दादाचं झाल्यावर मला ते जमेना. मी अप्पांच्या शेजारी बसले, गुगल मॅप्स उघडून दाखवलं, ‘तुम्ही फिरायला गेलात की कुठे आहात ते मला इथे दिसेल. चालेल का?’ अप्पांनी तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, ‘कुठली गाडी कुठे आहे ते कंट्रोलरला माहीत पाहिजेच. टाक.’

श्रावणात ते सकाळी गेले आणि दहापर्यंत आलेच नाहीत. मी मॅप उघडला, ठिपका एसटी स्टँडवर. रिक्षाने गेले तर तिथे कोणी नाही. मग नीट पाहिलं, ठिपक्याखाली लिहिलं होतं की तो चाळीस मिनिटांपूर्वीचा आहे. फोनला रेंज नसेल तर ठिपका जिथल्या तिथे थिजतो, हे मला त्या दिवशी कळलं. पण स्टँड कळलं ना. कंट्रोलरला सांगितलं, अप्पांना तिथे जुनी माणसं ओळखतात, तासाभरापूर्वी सुटलेल्या गाड्या काढल्या आणि मेढ्याला फोन गेला. अप्पा मेढ्याच्या गाडीत कंडक्टरच्या सीटवर बसून होते. खिशात तिकीट, व्यवस्थित काढलेलं. त्या कंडक्टरने त्यांना चहा पाजून परतीच्या गाडीत बसवलं. मी स्टँडवरच वाट पाहत उभी होते. उतरल्यावर त्यांनी मला विचारलं, ‘गाडी वेळेवर आली ना?’

तर आता चिऊ. तू लिहिलंस, वसतिगृहात सोमवार ते शनिवार फोन बाईंच्या कपाटात, रविवारीच हातात. मग सहा दिवस तुला काय दिसणार आहे, सांग? ते कपाट. ठिपका फोनचा असतो, पोरीचा नाही. त्यापेक्षा वसतिगृहातल्या बाईंचा, मेसवाल्या मावशींचा आणि एखाद्या मैत्रिणीच्या घरचा नंबर कागदावर लिहून फ्रिजवर चिकटव.

हवंच असेल तर गुगलचं फॅमिली लिंक आहे. तेही फुकट, पण लपून बसत नाही. फोन कुठे आहे, बॅटरी किती, कुठलं ॲप किती वेळ वापरलं एवढं दिसतं. मेसेज वाचता येत नाहीत, आणि चिऊएवढ्या मुलीचं आधीपासूनचं खातं तिने हो म्हटल्याशिवाय जोडता येत नाही. माझ्या मते सतराव्या वर्षी त्याचीही गरज नाही. ते तुझ्या धाकट्यासाठी ठेव, तो सहावीत आहे, रात्री फोन आपोआप बंद होण्याची सोय त्याला लागेल.

चिऊला प्रवासापुरतं व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन पुरे. पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास असे तीनच पर्याय आहेत, बार्शी ते लातूर आठ तासांत आरामात बसतं आणि नंतर ते आपलं आपण बंद होतं. फक्त बॅटरी सेव्हर बंद ठेवायला सांग, नाहीतर काही फोन मध्येच लोकेशन तोडतात आणि तू इकडे उगाच जीव टांगून बसशील. शिवाय तिच्या फोनमध्ये इमर्जन्सीची सोय लावून द्या. बहुतेक नव्या अँड्रॉइडला बाजूचं बटण पाचदा दाबलं की ती सुरू होते, त्यात तुझा आणि भाऊजींचा नंबर घाला. 112 पाठ असू दे. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की फोनचा आयएमईआय नंबर, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसतो, तो तुझ्या डायरीत लिहून ठेव. फोन हरवला तर सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर तक्रार करताना तो लागतो.

हे सगळं तिच्यासमोर बसून कर, तुझा फोन तिच्या हातात देऊन. तू बाजारात किंवा माहेरी पंढरपूरला निघालीस की तुझंही लोकेशन तिला पाठव. ती हसेल, पण बघेल. आणि कधी रात्री अकराला फोन करून म्हणाली की ‘आई, मी चुकीच्या ठिकाणी आहे’, तर पहिला प्रश्न ‘कुणाबरोबर?’ असा विचारायचा नाही, हे भाऊजींना आताच बजावून ठेव. त्यांचा स्वभाव मला माहीत आहे.

तू आधीच काही टाकलं असशील तर मला खरं सांग. मी रागावणार नाही, पुतण्याला फोनवर बसवते, तो काढून देईल. पण चिऊला ते तूच सांग, तिला सापडायच्या आत.

पुढच्या रविवारी तिच्या हातात फोन आला की मला तिच्याशी बोलायचंय, तिला म्हणावं मावशीला कर. शेंगादाण्याची चटणी करून ठेवली आहे, अर्धा किलो तिच्यासाठी वेगळी बांधते. भगवंताच्या देवळात गेलीस की माझाही नमस्कार सांग.

तुझीच,
कुंदी